नगरधनच्या वाटेने रामटेकास
नागपूर जिल्ह्यातील शाळांच्या मुख्याध्यापकांस अनावृत पत्र

सन्माननीय मुख्याध्यापक आणि सहलप्रमुख शिक्षक यांस,



दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा भरू लागल्या आणि सकाळच्या प्रार्थनेला मुले स्वेटर घालून उभी राहू लागली, की आपल्या जिल्ह्यातील शाळाशाळांतून सहलीच्या सूचना निघू लागतात, आणि त्यांतील कितीतरी सूचनांवर रामटेकचे नाव असते. कार्यक्रमही बहुधा ठरलेला असतो: सकाळी गडावर चढून राम-लक्ष्मणांचे दर्शन, कालिदास स्मारकाच्या आवारात वर्गाचे छायाचित्र, दुपारी खिंडसीच्या काठी वनभोजन, जमल्यास नौकाविहार, आणि दिवेलागणीपूर्वी परत. या कार्यक्रमातील कोणतीही गोष्ट गाळावी असे मी म्हणत नाही. मुलांना डोंगर, पाणी आणि मोकळे आकाश यांचा सहवास घडविणे हे शिक्षणाचेच अंग आहे. माझी विनंती एवढीच, की या सहलीचा आरंभ गडापासून न करता नगरधनपासून करावा, मधल्या वेळी मनसरची विटांची टेकडी दाखवावी, आणि गडावर सर्वांच्या शेवटी, उन्हे कलली असता, जावे. महामार्गाने येताना मनसर आधी लागते आणि रामटेक त्यानंतर, हे मी जाणतो. तरीही ती दोन्ही ठिकाणे ओलांडून आधी नगरधन गाठण्यात जो थोडा अधिक वेळ आणि जे थोडे अधिक इंधन खर्ची पडेल, त्याचा मोबदला पुरेपूर मिळतो.

नागपूरच्या मुलाला अजिंठा ठाऊक असतो. तेथील १६ क्रमांकाचे लेणे वाकाटक राजा हरिषेण याच्या वराहदेव नामक सचिवाने कोरविले, हे त्याला मार्गदर्शक तेथे गेल्यावर सांगतो. परंतु तो हरिषेण वाकाटकांच्या वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशीम येथील शाखेचा होता, आणि त्याच कुलाची थोरली शाखा आपल्या स्वतःच्या जिल्ह्यात, नागपूरपासून अर्ध्या दिवसाच्याही अंतरावर नसलेल्या एका नगरातून, चौथ्या-पाचव्या शतकांत राज्य करीत होती, हे सांगणारा कोणी त्याला भेटत नाही. त्या नगराचे नाव नंदिवर्धन. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनी ते आजच्या नगरधनशी जुळविले. रामटेकच्या दक्षिणेस दोन-अडीच कोसांवर असलेल्या या गावी गेले, की प्रथम दृष्टीस पडतो तो भोसलेकालीन किल्ला, त्याचा दरवाजा, त्याचे बुरूज. आणि सहल तेथे गेलीच तर बहुधा या किल्ल्यातच फिरून परतते. पण नंदिवर्धन त्या तटाच्या आत नाही. ते गावाच्या घरांखाली, परसांखाली आणि भोवतालच्या शेतांखाली पसरलेले आहे. वर उभे अवशेष असे नाहीतच, म्हणून मुलांना तेथे ‘काय दाखवावे’ हा प्रश्न शिक्षकाला पडणे साहजिक आहे, आणि याच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे.

२०१५ ते २०१८ या काळात राज्य शासनाचे पुरातत्त्व खाते आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी नगरधन येथे उत्खनन केले. त्यात मातीची भांडी निघाली, बांगड्या, कर्णभूषणे, लोखंडी वस्तू निघाल्या, आणि त्यांबरोबरच भाजलेल्या मातीचा, अवघ्या काही ग्रॅम वजनाचा एक लंबगोल ठसा निघाला, ज्यावर शंखाची आकृती असून ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्ता हे नाव आहे. कागदाच्या लखोट्यावर लाख ओतून मोहोर उठविण्याची रीत आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत चालू होती. त्याच रीतीचा हा पूर्वज. कोणत्या तरी दफ्तरातून, कोणत्या तरी लिखितावर किंवा गाठोड्यावर, राणीच्या मुद्रेने हा ठसा उठला आणि ती वस्तू ज्याच्या हाती पडायची त्याच्या हाती पडल्यावर तो मातीत गेला. पंधराशेहून अधिक वर्षांनी तो वर आला. ज्या गावाच्या रस्त्यावर आपली बस उभी राहील, त्याच गावाच्या मातीतून तो निघाला, हे वाक्य बसमधून उतरण्यापूर्वी मुलांना सांगावे आणि मग त्यांना गावातून शांतपणे चालू द्यावे.

ही प्रभावतीगुप्ता कोण, हे सांगताना आपण ‘चंद्रगुप्त विक्रमादित्याची कन्या’ एवढ्यावर थांबतो, आणि माझ्या मते येथेच आपण तिच्यावर अन्याय करतो. ती गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त आणि नागकुलातील कुबेरनागा यांची मुलगी होती, वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची राणी होती. परंतु इतिहासात तिचे स्थान आहे ते कन्या किंवा पत्नी म्हणून नव्हे. पतीच्या निधनानंतर, पुत्र अल्पवयीन असता, तिने राज्याचा कारभार स्वतः चालविला. युवराज दिवाकरसेनाची माता या नात्याने तिने नंदिवर्धनाहून दिलेला जो ताम्रपट आज ‘पुणे ताम्रपट’ या नावाने प्रसिद्ध आहे, त्यावर १३वे वर्ष नमूद आहे. म्हणजे निदान इतका काळ एका स्त्रीच्या आज्ञेने या प्रदेशातील जमिनी दान होत होत्या, करमाफ्या मिळत होत्या, अंमलदार नेमले जात होते. त्या ताम्रपटात तिने आरंभी वंशावळ दिली आहे ती माहेरची, गुप्तांची. तिने तसे का केले असावे, हा प्रश्न नववी-दहावीच्या मुलींना विचारून पाहावा. उत्तरे अनेक येतील, आणि विद्वानांची उत्तरेही अनेकच आहेत.

येथे मुलांना ताम्रपट म्हणजे काय ते सांगण्याची संधी आहे, आणि ती दवडू नये. भोसल्यांच्या किंवा पेशव्यांच्या सनदा ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना वाकाटकांचे ताम्रपट परके वाटणार नाहीत: अमुक मौजा, अमुक नदीच्या काठचा, अमुक जणांस, अमुक अटींवर इनाम. अक्षरे मात्र निराळी. बहुतेक पटांत प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर एक छोटी चौकोनी पेटी काढलेली असते, म्हणून तिला पेटिकाशीर्षक ब्राह्मी म्हणतात. अमरावती जिल्ह्यातील चम्मक येथे सापडलेल्या ताम्रपटात दुसऱ्या प्रवरसेनाने, म्हणजे प्रभावतीच्याच पुत्राने, आपल्या कारकिर्दीच्या १८व्या वर्षी एक हजार ब्राह्मणांस आठ हजार भूमी एवढ्या क्षेत्राचे गाव दिले आहे. त्यातील सवलतींची यादी वाचताना त्या काळचे खेडे डोळ्यांपुढे उभे राहते. या गावात राजाचे शिपाई शिरणार नाहीत, गावाने बैल पुरवायचे नाहीत, फुले आणि दूध द्यायचे नाही, उतरणाऱ्या अंमलदारांसाठी बसायला कातडे आणि शेकायला कोळसा द्यायचा नाही, मिठाच्या खाणीवर राजाचा हक्क चालणार नाही. ज्या गावांना ही माफी मिळाली नव्हती, त्या प्रत्येक गावाला हे सर्व द्यावे लागत होते, ही गोष्ट या यादीतून आपोआप निघते, आणि ती पाठ्यपुस्तकातील ‘सुवर्णयुग’ या शब्दापेक्षा पुष्कळ अधिक सांगून जाते. शिवाय त्याच पटात दान घेणाऱ्यांवरही शर्ती घातल्या आहेत: त्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी किंवा व्यभिचार करू नये, दुसऱ्या गावांशी लढाई करू नये, आणि तसे केल्यास राजा ही जमीन काढून घेईल व ती चोरी ठरणार नाही. राज्यशास्त्राचा एक संपूर्ण तास या एका शर्तीवर घेता येईल.

वाकाटकांबरोबर नंदिवर्धन संपले नाही. नल राजा भवदत्तवर्मा याने ते काही काळ आपल्याकडे घेतले. पुढे कलचुरी संवताच्या ३२२व्या वर्षी, म्हणजे इ. स. ५७३ मध्ये, याच नंदिवर्धनाहून दिलेला स्वामिराजाच्या काळचा एक ताम्रपट नगरधन येथेच सापडला, आणि मला स्वतःला तो सर्व राजपटांहून प्रिय आहे. कारण त्यातील दान ज्यांच्या विनंतीवरून दिले गेले ते मंत्री नव्हते की सेनापती नव्हते, तर हत्तींच्या माहुतांचा एक संघ होता. माहुतांचा संघ होता, त्या संघाचे पुढारी होते, ते राजाच्या भावाकडे अर्ज घेऊन जाऊ शकत होते आणि त्यांचा अर्ज मंजूर होऊन तो तांब्यावर कोरला जात होता. त्यात उल्लेखिलेली शूलनदी म्हणजे आपली सूर नदी असे मिराशींनी ठरविले. रामटेक तालुक्यातील मुलाला सूर ठाऊक असते. तिच्या पुलावरून तो शाळेत येतो. आणि नागपूर शहरातील मुलासाठी आणखी एक पट आहे: वर्धा जिल्ह्यातील देवळीचा, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा, इ. स. ९४० चा, ज्यात दान दिलेले गाव ‘नागपूर-नंदिवर्धन’ या विषयात, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्यात, असल्याचे नमूद केले आहे. आपले शहर आणि ते हरवलेले नगर हजार वर्षांपूर्वी एकाच महसुली नावात शेजारी उभे होते.

नगरधनहून निघून मनसरला यावे. मँगनीजच्या खाणींमुळे हे नाव गेल्या शतकाच्या आरंभापासून व्यापाऱ्यांच्या तोंडी आहे, आणि येथील जुन्या विटांकडे पहिल्यांदा अभ्यासू नजरेने ज्यांनी पाहिले त्यांत खाणीच्या उद्योगातील वेलस्टेड नावाचा इंग्रज गृहस्थ होता, ज्याने १९३०च्या दशकात वाकाटकांवर सविस्तर टिपण प्रसिद्ध केले. तलावालगतची टेकडी लोकांच्या तोंडी हिडिंबा टेकडी या नावाने आहे. १९९८च्या सुमारास बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेच्या वतीने जगत्पती जोशी आणि अरुणकुमार शर्मा यांनी तेथे उत्खनन सुरू केले, आणि ज्या टेकडीवर झुडपे होती तिच्या पोटातून विटांचे एक विशाल शिवालय बाहेर आले. त्याच्या जोत्याची रचना मुलांनी खालून पाहावी आणि मग प्रदक्षिणा घालावी: भिंत सरळ जात नाही, कोनाकोनांनी पुढे येते आणि मागे सरते, त्यामुळे सूर्य जसा फिरतो तशी प्रत्येक पट्टीवरची सावली फिरते. दगड महाग आणि दूरचा, माती हाताशी; म्हणून वीट, आणि मूर्तींसाठी तेवढा वालुकाश्म. विटेची लांबी मुलांनी आपल्या वितीने मापावी (हात न लावता, वरून) आणि घरच्या विटेशी ताडून पाहावी.

या मनसरातच १९७२ मध्ये मिळालेली शिवमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बुटक्या, भरल्या अंगाची, जटांत चंद्रकोर धारण केलेली आणि ओठांवर संथ हसू असलेली ही मूर्ती जिने पाहिली ती दृष्टी तिला विसरत नाही. तिचे मोठे, स्वच्छ छायाचित्र शिक्षकांनी बरोबर न्यावे आणि टेकडीवरच ते उघडावे. मूर्ती दिल्लीस जाण्यात गैर काही झाले असे मी म्हणत नाही, तेथे ती सुरक्षित आहे आणि देशोदेशीचे लोक ती पाहतात. पण तिच्या गावच्या मुलांनी तिला ओळखू नये, ही मात्र खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

मनसरला एक वाद आहे, आणि तो मुलांपासून लपवू नये. दुसऱ्या प्रवरसेनाने नंदिवर्धन सोडून प्रवरपूर नावाची नवी राजधानी वसविली. महाराष्ट्री प्राकृतातील ‘सेतुबंध’ हे रामकथेचे महाकाव्य ज्याच्या नावावर आहे तो हाच राजा. हे प्रवरपूर कोठले? मिराशींनी ते वर्ध्याजवळचे धाम नदीवरील पवनार ठरविले; विनोबाजी १९३८ मध्ये पवनारला राहावयास आल्यावर तेथील जमिनीतून जी शिल्पे निघाली, आणि ज्यांतील एक विनोबांनी भरत-रामाची भेट म्हणून पूजिले, त्यांत मिराशींना प्रवरसेनाच्या रामभक्तीचा पुरावा दिसला. उलट मनसरच्या उत्खननात प्रवरेश्वराचे नाव असलेले ठसे मिळाले, ताम्रपटांतही प्रवरेश्वराच्या देवस्थानाचा उल्लेख आहे, म्हणून आज अनेक संशोधक प्रवरपूर मनसरलाच होते असे मानतात. मला स्वतःला मनसरचा पक्ष बळकट वाटतो. परंतु मिराशींचा पक्ष त्यांच्या पुराव्यासह, आदराने, मुलांपुढे मांडावा. १९६३ मध्ये वाकाटकांच्या समग्र कोरीव लेखांचा ग्रंथ ज्या पुरुषाने सिद्ध केला, आणि ज्याने नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकवीत असताना हा सारा विसरलेला वंश पुन्हा उजेडात आणला, त्याच्याशी मतभेद करावयाचा तर तो त्याच्याइतकाच पुराव्यानिशी करावयाचा असतो, हे मुलांना प्रत्यक्ष उदाहरणाने कळेल.

आता गड. वराह दरवाजाने आत शिरावे. जवळच एका छत्राखाली एकाच शिळेतून घडविलेला भव्य वराह उभा आहे. त्याच्या पोटाखालून सरपटत जाणारा निष्पाप ठरतो, अशी लोकश्रद्धा असल्याने मुलांची तेथे गर्दी होते. ती होऊ द्यावी, आणि ती ओसरल्यावर हा वराह वाकाटकांच्या काळचा आहे, म्हणजे गडावरच्या यादवकालीन देवळांहून सुमारे आठशे वर्षांनी वडील आहे, हे सांगावे. पुढे केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह अशी दोन लहान, सपाट छताची देवळे आहेत. राममंदिराच्या घाईत लोक त्यांना सहज ओलांडून जातात. दोन्हींत नरसिंह बसलेला आहे, दोनच हातांचा, हाती चक्र. त्याच्या मांडीवर हिरण्यकशिपू नाही, आतडी नाहीत, क्रोध नाही. सत्ता निश्चित झाल्यावर स्वस्थ बसलेला हा देव आहे. रिद्धपूर ताम्रपटात प्रभावतीगुप्तेने आपले दान ‘रामगिरिस्वामी’च्या चरणांपासून दिल्याचे म्हटले आहे, तो रामगिरी हाच, हे ‘मेघदूता’च्या संदर्भात आपण नेहमी ऐकतो. कालिदासाचे स्मरण गडावर होते ते योग्यच आहे, तथापि ज्या राणीने येथे खरोखर वास केला आणि दाने दिली तिचेही नाव त्याच उंचीवर उच्चारले जावे, असे मला मनापासून वाटते.

कारण केवल नरसिंहाच्या मंडपाच्या भिंतीत एक शिलालेख आहे. गेल्या शतकाच्या नवव्या दशकाच्या आरंभी भिंतीवरचे लिंपण निघाले तेव्हा तो दिसला, अ. प्र. जामखेडकर यांनी आणि नंतर हॉलंडमधील हान्स बाकर यांनी त्याचा अभ्यास केला. लेख फार झिजलेला आहे, ओळीच्या ओळी गेल्या आहेत. जे उरले त्यावरून अभ्यासक असे सांगतात, की प्रभावतीगुप्तेच्या मुलीचा विवाह तिच्या मामाशी, घटोत्कचगुप्ताशी, झाला. पुढे तिच्या भावाने तिला माहेरी परत आणले. आणि आईच्या मृत्यूनंतर, आईच्या पुण्यार्थ, तिने येथे ‘प्रभावतीस्वामी’ नावाने विष्णूची स्थापना केली. सुदर्शन नावाच्या तलावाचाही त्यात उल्लेख आहे. मुलीचे स्वतःचे नाव झिजलेल्या अक्षरांतून निर्विवादपणे वाचता येत नाही. आईचे नाव देवाला देऊन तिने ते टिकविले. भारताच्या साऱ्या कोरीव लेखांत असा मजकूर विरळा, आणि तो आपल्या जिल्ह्यात, बसच्या थांब्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गडावर वर्गाचे छायाचित्र काढावयाचे असेल तर ते या भिंतीपुढे काढावे, असे मी सुचवितो.

हे सारे एका दिवसात आटोपते. सकाळी सातला नागपूर सोडले, तर ऊन चढण्यापूर्वी नगरधन होते, मनसरच्या टेकडीवर दुपार होते, वनभोजन खिंडसीला करता येते, आणि गडावरून अंबाळा तलावाची देवळे मावळतीच्या उजेडात दिसतात. रामटेकचा बाजार लागलाच, तर बारई मंडळींच्या मळ्यांतील पान शिक्षकांनी अवश्य खावे. एक नियम मात्र कडक पाळावा: नगरधनच्या शेतांतून किंवा मनसरच्या उतारावरून कोणीही खापराचा, विटेचा तुकडा उचलू नये, खिशात घालू नये, दुसऱ्या ठिकाणी टाकूही नये. खापर कोठे पडले होते यावरच त्याचा अर्थ अवलंबून असतो. जागेवरून हलले की ते मुके होते. सापडलेली वस्तू जागीच ठेवून मुलांनी तिचे चित्र वहीत काढावे, आणि ते कोणत्या शेताच्या, कोणत्या झाडाच्या, कोणत्या दिशेस दिसले ते लिहावे.

सहलीनंतरच्या आठवड्यात शक्य झाल्यास त्याच मुलांना १८६३ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या मध्यवर्ती संग्रहालयात, अर्थात अजब बंगल्यात, न्यावे. आणि मोठ्या वर्गांना नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास विभागातही, जेथे कुही तालुक्यातील मांढळच्या १९७५ ते १९७७ च्या उत्खननात मिळालेल्या वाकाटककालीन मूर्ती आहेत, विभागप्रमुखांना आगाऊ पत्र लिहून न्यावे. असे पत्र मुख्याध्यापकांऐवजी वर्गातील एखाद्या विद्यार्थिनीने लिहिले तर अधिक चांगले. मजकुराचा मसुदा मराठीच्या तासाला करता येईल, आणि त्यावर शाळेचा शिक्का कोणी उमटवावा, हेही तिनेच ठरवावे.



आपला नम्र,
एक नागपूरकर